मुसीचे मासे आणि विद्यार्थ्याची वही

मृगाचे नक्षत्र लागले की हैदराबाद शहरात माणसांची एक आगळी रीघ लागते. दम्याने गांजलेले हजारो लोक दूरदूरच्या गावांहून येतात आणि बोटाएवढ्या जिवंत माशाच्या तोंडात औषधाची गोळी भरून तो मासा तसाच गिळतात. या औषधाला गुण आहे की नाही, हा वाद जुना आहे; आज तो आपला विषय नाही. आज विचार करावयाचा आहे तो त्या माशाचा. हा मासा म्हणजे मरळ. तेलुगू भाषेत त्याला कोर्रमीनु म्हणतात आणि तेलंगणाने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिलेला आहे. ओंजळभर पाण्यातही तो बराच वेळ तग धरतो, कारण पाण्यावर तोंड काढून त्याला बाहेरची हवा घेता येते. किंबहुना ती घेतल्यावाचून त्याचे चालतच नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर जाळे ताणून त्याला वर येण्यास मज्जाव केला, तर हा जलचर प्राणी पाण्यात असूनही गुदमरून मरतो.

माशाने हवा का प्यावी, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु या एका प्रश्नापासून हैदराबादच्या विद्याजीवनातील एका फारशा न सांगितल्या गेलेल्या इतिहासाचा आरंभ होतो. गोड्या पाण्यातील मासे, त्यांचा परिसर आणि त्या परिसरात माणसाने मिसळलेली विषे यांच्या अभ्यासाचा हा इतिहास आहे. आज पदवी घेऊन संशोधनाची वाट शोधणाऱ्या तरुणाला ही विद्या दूर उत्तरेकडच्या थंड देशांतील वाटते. तिची एक शाखा मात्र आपल्या उंबरठ्याशी, मुसी नदीच्या काठी, फार पूर्वीच रुजली होती.

जामबागेतून मुसी नदी हाकेच्या अंतरावर आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या आणि आज जामबागेत नांदत असलेल्या विवेकवर्धिनी संस्थेने हैदराबादच्या मराठी मुलांच्या अनेक पिढ्या घडविल्या. संस्थेला एक वर्ष होते न होते तोच, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसीला तो प्रलयंकारी पूर आला. हजारो माणसे त्यात बुडाली. पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने नदीच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधण्यात आले : मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर १९२७ साली हिमायतसागर. शहराला पुरापासून अभय मिळाले आणि पिण्याचे पाणीही मिळाले. पण नदीच्या दृष्टीने पाहिले तर तिचा प्रवाह वरच्या वर अडला. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांच्या वाटेत भिंत उभी राहिली आणि शहरातून वाहणाऱ्या पात्रात स्वच्छ पाण्यापेक्षा सांडपाण्याचा भाग वाढत गेला. पुराची नोंद सरकारी दप्तरात झाली. माशांचे काय झाले, याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावयाची?

दख्खनमध्ये अशी नोंद ठेवण्याचा परिपाठ त्याआधी शंभर वर्षे सुरू झालेला होता. मुंबई सरकारच्या नोकरीतील कर्नल साइक्स याने दख्खनची पाहणी करताना भीमा, मुळा, मुठा या नद्यांचे मासे जमविले आणि १८३९ साली त्यांची वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र परिषदेपुढे ठेविली. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. इथल्या भोई-कोळ्यांच्या तोंडी जी नावे होती, तीच त्याने पुष्कळदा उचलली. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत खुद्री, कोलस, नुक्ता, मुसुल्ला, रोहटी ही आपल्या नदीकाठची नावे लॅटिनच्या पेहेरावात वावरताना दिसतात. साइक्सचा आणि हैदराबादचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते आणि मुसीही नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेलाच मिळते. पुण्याचे मासे आणि हैदराबादचे मासे एकाच मोठ्या खोऱ्यातील भाऊबंद आहेत.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १९५८ साली स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत तेथील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी बहुधा हैदराबादकडेच पाहावे लागे. या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचे धुरीणत्व प्राध्यापक बी. के. दास यांच्याकडे होते. हवा घेणाऱ्या भारतीय माशांवरील त्यांचा प्रबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि १९४० साली मद्रास येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्र शाखेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी याच विषयाचे विवेचन केले. उथळ, उबदार, प्राणवायू कमी असलेल्या पाण्याने या माशांना हवेकडे कसे वळविले, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. मरळ हा त्यातलाच एक.

याच विद्यापीठातील एम. रहिमुल्ला यांनी १९४० नंतरच्या दशकात आणखी एक काम हाती घेतले. ते दिसावयास साधे, परंतु आज फार मोलाचे ठरावे असे होते. त्यांनी हैदराबाद संस्थानातील माशांची पाहणी मांडली. शहराचा परिसर आणि निरनिराळे जिल्हे घेऊन कोणत्या पाण्यात कोणता मासा मिळतो, याच्या याद्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात क्रमाने छापल्या जाऊ लागल्या. निजामाबाद जिल्ह्याची यादी १९४७ सालची आहे. त्या वेळी संस्थानात केवढी राजकीय उलथापालथ चालू होती, हे आपण जाणतोच. अशा काळात कोणी तरी जाळे घेऊन तळ्याकाठी बसतो, मासे मोजतो आणि त्यांची नावे लिहून ठेवतो, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढची पिढी पाण्याकडेच वळली. वनस्पतिशास्त्र विभागातील ए. आर. जफर यांनी हैदराबादच्या मत्स्यतलावांतील शेवाळांचा अभ्यास करून १९६४ आणि १९६७ साली तो प्रसिद्ध केला. शेवाळ हे तळ्याच्या अन्नसाखळीची पहिली कडी असल्यामुळे मत्स्यशास्त्राचा पायाही तेथेच असतो. १९६९ साली व्ही. वेंकटेश्वर्लू यांनी मुसी नदीतील शेवाळांचा अभ्यास प्रदूषणाच्या दृष्टीने मांडला. पाणी स्वच्छ असता कोणती शेवाळे असतात, सांडपाणी मिसळल्यावर कोणती नाहीशी होतात आणि कोणती माजतात, हे त्यातून दिसते. योगायोग असा की, विषांचा परिसरावरील परिणाम अभ्यासणाऱ्या शास्त्राला ‘इकोटॉक्सिकॉलॉजी’ हे नाव फ्रान्समधील रेने त्रुओ यांनी सुचविले, तेही १९६९ सालीच. आपण त्याला परिसर-विषशास्त्र म्हणू. पॅरिसमध्ये शास्त्राचे बारसे होत होते, तेव्हा मुसीकाठी एक विद्यार्थी त्याच शास्त्राच्या कामात गुंतलेला होता.

१९७० साली एम. मुनव्वर यांनी हैदराबादच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ते कॅनडात गेले, तेथील महासरोवरांच्या संशोधनात त्यांनी आयुष्य वेचले आणि १९८९ साली जलपरिसराच्या आरोग्याला वाहिलेली एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली. हैदराबादच्या तळ्यांवर नजर तयार झालेला माणूस उत्तरेच्या विशाल सरोवरांचा जाणता वैद्य ठरला, हा आपल्या अभिमानाचा विषय होय. मात्र अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात येतो : ही नजर पुन्हा हैदराबादच्या तळ्यांकडे वळावयास काय हवे?

उत्तरेकडे या विद्येला जे बळ मिळाले ते कशामुळे, हे पाहणे येथे उपयोगी पडेल. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९६८ साली अठ्ठावन्न लहान सरोवरांचा एक प्रदेश केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आला. काचपात्रात चार मासे ठेवून विषाची मात्रा ठरविण्यापेक्षा सबंध सरोवरच प्रयोगशाळा मानावयाचे, ही त्यामागची कल्पना. तेथे २००१ ते २००३ अशी तीन वर्षे एका सरोवरात संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम स्त्री-संप्रेरक अत्यल्प प्रमाणात सोडण्यात आले. प्रमाण किती? एका लिटरात एका ग्रॅमचा अब्जांश भाग पाच-सहा वेळा घ्यावा, एवढेच. तेवढ्यानेही नर माशांच्या शरीरात मादीची लक्षणे उमटली आणि एका लहान जातीच्या माशाची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला आणि कोणी त्याला सहजासहजी खोडू शकले नाही. कारण प्रयोगापूर्वी त्या सरोवरात किती मासे होते, याची नोंद होती आणि ज्यांत काहीच मिसळलेले नव्हते अशा सरोवरांची नोंदही शेजारी तयार होती. एवढे असूनही २०१२ साली तेथील सरकारने या केंद्राचा खर्च थांबविण्याचे ठरविले आणि २०१४ पासून ते एका स्वतंत्र संस्थेने चालविण्यास घेतले, तेव्हा ते वाचले. सुबत्तेच्या देशातही नोंदवही चालू ठेवणे सोपे नसते, हे यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. १९७० नंतरच्या काळात हैदराबाद हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र झाले. शहराच्या वायव्येस पाटणचेरू येथे कारखाने उभे राहिले. त्यांचे सांडपाणी ज्या नक्कावागू ओढ्यात गेले तो मांजरा नदीला मिळतो. मांजरा म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी, लातूर ओलांडून बीदर-मेदकाकडे जाणारी आणि पुन्हा नांदेडच्या सीमेवर येऊन गोदावरीत मिसळणारी नदी. म्हणजे हा प्रश्न केवळ तेलंगणाचा राहत नाही. विहिरींचे पाणी बिघडले, तलावांतले मासे मेले, शेते नापीक झाली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती आणि १९९० साली हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

या प्रदीर्घ प्रकरणातील सर्वांत बोलकी साक्ष मात्र दूरदेशातून आली. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटणचेरूच्या सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करून २००७ साली तिचा निष्कर्ष जाहीर केला. सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत होते. शुद्ध केलेल्या त्या पाण्याच्या एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. एका दिवसात बाहेर जाणारे हे औषध त्यांच्या हिशेबाने ४४ किलो भरत होते. तेवढे औषध सबंध स्वीडन देशाला पाच दिवस पुरते. त्यानंतर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच पाणी पाचशे पट पातळ करून त्यात ट्राउट जातीचे मासे ठेवण्यात आले. तेवढ्या पातळ पाण्यातही त्यांच्या यकृतातील जनुकांचे व्यवहार पालटले आणि रक्तातील फॉस्फेटचे प्रमाण बदलले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. हैदराबादच्या पाण्याविषयी जगाने ज्या माशाची साक्ष मानली, तो उत्तरेच्या थंड प्रवाहातील मासा होता. त्या संशोधकांचे आपल्यावर उपकारच आहेत आणि विज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, हेही खरे. परंतु ट्राउटची साक्ष मरळीच्या वतीने सर्वस्वी पुरी पडत नाही आणि यामागे निखळ शास्त्रीय कारण आहे. शून्य अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात एका लिटरात साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास उतरतो. आपल्या तळ्यांतील मासा आधीच या अर्ध्या शिध्यावर जगत असतो. पाणी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची मागणी वाढते आणि कल्ल्यांवरून त्याला अधिक पाणी वाहवावे लागते. पाण्याबरोबर त्यातले विषही येते. पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलले की तांबे, जस्त यांसारख्या धातूंचा विषारीपणाही बदलतो. म्हणून थंड देशातील माशावरून ठरविलेली सुरक्षित मात्रा दख्खनच्या तळ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

मरळीची गोष्ट तर याहून निराळी. सांडपाण्याने तळ्यातील प्राणवायू संपला की रोहू आणि कटला उलटे होऊन तरंगू लागतात. मरळ वर येऊन हवा पिते आणि जगते. पाहणारा म्हणतो, तळ्यात अजून मासे आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे. परंतु हवा पिऊन श्वासाचा प्रश्न सुटला तरी विषाचा प्रश्न सुटत नाही. विष तिच्या मांसात, यकृतात साठू शकते आणि तेथून ते आपल्या ताटात येऊ शकते. जो मासा मरत नाही तोच कधी कधी अधिक काळजीपूर्वक तपासावा लागतो, हा धडा याच भूमीवर शिकता येतो.

२००९ साली पाटणचेरूचे पाणी अठरा किलोमीटरच्या नळवाहिनीने शहराच्या सांडपाण्याकडे वळविण्यात आले आणि अंबरपेठच्या शुद्धीकरण केंद्रातून ते मुसीला मिळू लागले. एका नदीचा भार दुसरीवर आला. २०१७ साली पाटणचेरूजवळच्या गंडीगुडेम तलावात मेलेल्या माशांचा खच पडला. अशा वेळी मासेमारीवर पोट असलेली कुटुंबे भरपाई मागतात आणि त्यांना विचारले जाते : पूर्वी तलावात किती मासे होते? कोणत्या जातींचे? पाणी कसे होते? डोळ्यांदेखत उपजीविका गेलेल्या माणसाजवळ या प्रश्नांना कागदावरचे उत्तर नसते. ज्या तळ्याची मागची नोंद नाही, त्याचे नुकसान सिद्ध करणे दुरापास्त होऊन बसते. रहिमुल्लांच्या यादीचे मोल येथे कळते.

अशा याद्यांपासून काय निष्पन्न होऊ शकते, हे पुण्याने दाखवून दिले आहे. साइक्सनंतर १९४२ साली फ्रेझर यांनी, १९६३ साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी आणि या शतकाच्या आरंभी पुण्यातील तरुण अभ्यासकांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा पुन्हा मोजले. या याद्या एकापुढे एक ठेवल्या की नदीचे चरित्रच उलगडते. साइक्सच्या काळी हाती लागणारे काही मासे पुढच्या यादीत विरळ होतात आणि शेवटच्या यादीत सापडत नाहीत. त्यांच्या जागी तिलापियासारखे परदेशी पाहुणे ठाण मांडून बसलेले दिसतात. यातल्या कोणत्याही एका यादीने ही कथा सांगितली नसती. ती सांगितली एकाच पाण्याशी पुन्हा पुन्हा परत येण्याच्या चिकाटीने.

हीच चिकाटी दाखवू इच्छिणाऱ्या पदवीधराला आज संधींची वाण नाही. उस्मानिया विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे गोड्या पाण्यातील जीवसृष्टीला वाहिलेले केंद्र १९७९ पासून हैदराबादेतच आहे. मुंबईत १९६१ साली निघालेली आणि १९८९ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. नागपुरात १९५८ साली सुरू झालेली आणि आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मांजरेच्याच मुलखात, लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे, मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे. ज्याला परदेशी जावयाचे आहे त्याने कॅनडा-स्वीडनला अवश्य जावे. मुनव्वर गेलेच होते. पण जाताना येथील एका तळ्याची पाच वर्षांची नोंद जवळ असेल, तर तेथेही त्याला मागच्या बाकावर बसावे लागणार नाही.

या कामाला आरंभी लागणारे साहित्यही थोडे आहे. एक जाळे, एक तापमापक, विरघळलेला प्राणवायू मोजण्याची १८८८ साली विंकलर यांनी शोधलेली आणि आजही विश्वासार्ह ठरलेली साधी रासायनिक पद्धती, वजनाचा काटा आणि वही. रहिमुल्लांच्या यादीतील शहर-परिसराची ठिकाणे घ्यावी. उस्मानसागर, हुसेनसागर आणि शहराच्या खालच्या अंगाचे मुसीचे पात्र घ्यावे. दर महिन्याला त्याच ठिकाणी जावे. जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला मान देऊन विचारावे. कोणता मासा कोणत्या सालापासून दिसेनासा झाला, हे त्याला पुष्कळदा ग्रंथांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. साइक्सने हेच केले होते. जे आढळेल ते लिहावे आणि जे आढळले नाही तेही लिहावे, कारण न आढळलेल्या माशाचीच नोंद पुढे बहुधा सर्वांत महत्त्वाची ठरते.

या कामात लौकिक उशिरा मिळतो. पहिल्या वर्षीची वही कोणाच्याच उपयोगाची वाटत नाही. दहाव्या वर्षी तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. रहिमुल्लांनी यादी केली तेव्हा पाटणचेरूचे कारखाने नव्हते, औषधांचे पाणी नव्हते, परिसर-विषशास्त्र हा शब्दही नव्हता. पुढे कोणता खटला उभा राहील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्यालाही उद्याच्या खटल्याचे नाव ठाऊक नाही. पण त्या दिवशी मच्छीमाराला जो प्रश्न विचारला जाईल, तो आजच ठाऊक आहे. त्याचे उत्तर लिहावयास बसण्याची वेळ हीच आहे.